जुनी रॅले, मूळ रंगासह: गिरगावातल्या तीन महिन्यांच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

सायकल चाळीच्या जिन्याखालून काढली. किंमत ६५०० रुपये. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची रॅले, २४ इंची फ्रेम, २८ इंची चाकं, रॉड ब्रेक (केबलऐवजी लोखंडी रॉडांनी ओढला जाणारा), पूर्ण बंद चेनकव्हर, मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मधला डबा. हबवर 'एडब्ल्यू' हे मॉडेलचं नाव आणि खाली '५८ ६', म्हणजे जून १९५८ चा. या आकड्यावरून सायकलीचं साल लगेच ठरवू नये. चाक कधी बदललं असेल तर हब वेगळ्या सालचा असू शकतो. इथे चेनव्हील, सीट आणि मडगार्ड सगळं त्याच काळाला जुळतं, म्हणून विश्वास ठेवला.

अवस्था: दोन्ही टायर फाटलेले, पॅडल फिरतं पण चाक फिरत नाही, सीटचं चामडं मागे तीन रिव्हेटांपासून सुटलेलं, चेनकव्हर खालून चेपलेलं. काळा रंग मात्र सुमारे ८० टक्के शाबूत. खालच्या दांड्यावर सोनेरी रेघ धुळीखाली दिसते.

कामाचा नियम एकच ठेवला: जे मूळ आहे ते काढायचं नाही. नवीन काळा रंग मारून सायकल एका आठवड्यात चकाचक होते आणि मग ती कुठलीही काळी सायकल दिसते.

खोलण्याआधी ६० फोटो काढले. ब्रेकच्या रॉडांचे सांधे, वायसरांचा क्रम आणि मागच्या एक्सलचा भाग दोन्ही बाजूंनी घ्यावा. वायसरांचे फोटो पुढे खरंच कामी आले.

१६ नोव्हेंबर

सफाई. कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ फडकं, लुगड्याचा जुना तुकडा उत्तम. धूळ, तेल आणि चाळीतल्या चुन्याचे ओघळ यानेच ९० टक्के निघाले. उरलेल्या जागी घासलेट.

आणि इथे पहिली चूक झाली. खालच्या दांड्यावर डांबरासारखा डाग होता, घासलेटने हलेना, म्हणून एनसी थिनरचं बोट फिरवलं. डाग निघाला, त्याबरोबर सोनेरी रेघेचा १५ सेंटीमीटर तुकडाही फडक्यावर आला. खालचा काळा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो थिनरला बऱ्यापैकी दाद देत नाही. रेघ मात्र त्यावर नंतर हाताने ओढलेली, वर वार्निशचा पातळ थर. थिनरला तेवढंच पुरतं. पेट्रोलही टाळा. डाग तसाच राहिला तरी चालतो, हे लिहून ठेवतो कारण डाग दिसला की हात शिवशिवतो.

पुढच्या बाजूच्या पितळी बिल्ल्याला, म्हणजे बगळ्याच्या डोक्याच्या हेडबॅजला, चिंच किंवा पितळेची पावडर लावू नये. पितळ चमकतं, पण खोलगट भागातला रंग निघून जातो आणि बगळा सपाट दिसू लागतो. ओल्या फडक्याने पुसून सोडला.

रंगावर शेवटी उकळलेलं जवसाचं तेल, फडक्याने नावापुरतं, आणि अर्ध्या तासात कोरडं पुसून काढायचं. कच्चं तेल चिकट राहतं आणि मुंबईच्या हवेत त्यावर बुरशी धरते. तेलाचे बोळे गुंडाळून ठेवू नका, ते आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा उलगडून वाळवा.

१७ नोव्हेंबर

क्रोम. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. पॉलिश पेपर आणि तारेचा घासणा दोन्ही वर्ज्य.

चेनव्हीलकडे मुद्दाम वेळ दिला. मधल्या पोकळीत तीन बगळे कापलेले आहेत. बगळ्याच्या मानेची कड बोटाने चाचपली तर अजून थोडी लागते, पत्र्यातून छाप निघताना जशी राहिली तशीच. निकेलवाल्याकडे दिलं असतं तर आधी बफ लागला असता आणि ही कड गोल झाली असती. दातांच्या मुळाशी गंजाचे ठिपके राहिलेत, ते राहू दिले.

छोटे नटबोल्ट आणि क्लिपा प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये टाकल्या. लिटरला ४० ग्रॅम, प्लॅस्टिकची बादली, हातमोजे, गॅलरीत उघड्यावर. हे विषारी आहे, घरातलं भांडं वापरू नका. दोन तासांनी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं आणि लगेच तेल लावलं. पिवळसर पूड दिसली तर धुणं कमी पडलंय असं समजा. एका क्लिपेवर काळा रंग होता तोही थोडा निस्तेज झाला, म्हणून रंगीत सुटे भाग यात घालू नयेत.

२३ नोव्हेंबर

कॉटर पिन, म्हणजे पॅडलचा दांडा (क्रँक) आसावर पक्का धरणारी पाचर. इथे आठवडा गेला.

नटवर झिरपणारं तेल घालून दोन दिवस थांबलो. उजवी कॉटर नट टोकाशी आणून, क्रँकखाली जाड पाइपचा आधार जमिनीवर उभा करून, वरून दीड किलोच्या हातोडीचा एकच ठोका दिला आणि निघाली. पाइपचा आधार महत्त्वाचा आहे. आधार नसेल तर सगळा धक्का बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस फिरतो त्या डब्याच्या) छर्ऱ्यांमधून जातो आणि कपावर खळगे पडतात.

डावी निघाली नाही. तीन हलके ठोके दिले, आणि हलके ठोके हीच चूक. त्यांनी पिनचं टोक छत्रीसारखं फुगलं आणि आटे वाकले. एकदा मारायचं तर जोरात मारायचं, नाहीतर मारायचंच नाही.

३० नोव्हेंबर

फ्रेम लेथवाल्याकडे नेली. त्याने पिन मधोमध ६ मिमी ड्रिलने पोखरली, मग उरलेली ढकलली. २५० रुपये आणि एक अख्खी सकाळ. क्रँकचं भोक सुरक्षित राहिलं, हे नशीब. सांगण्यासारखं एवढंच की ड्रिल करण्याआधी सेंटर पंच मारायलाच हवा. पिन गोल असली तरी तिची एक बाजू सपाट असते आणि ड्रिल तिकडे सरकतं.

नवीन कॉटर काळबादेवीतून, जोडी ६० रुपये, दोन जोड्या घेतल्या. बाजारातल्या पिनचा सपाट उतार आपल्या क्रँकला क्वचितच तंतोतंत बसतो. कानशीने घासून बसवावी लागते: घाला, काढा, खूण बघा, घासा. आटे असलेला भाग दुसऱ्या बाजूला ९ ते १० मिमी दिसला की बरोबर. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पॅडल सरळ रेषेत येत नाहीत. पहिली जोडी घासण्यात जास्त गेली, म्हणून दुसरी जोडी आधीच घेणं शहाणपणाचं ठरलं.

१ डिसेंबर

बॉटम ब्रॅकेट. दोन्हीकडे ११-११ पाव इंची छर्रे. डावीकडचा कप सुटला, उजवीकडचा मी हलवला नाही. तो उलट्या आट्याचा असतो आणि चांगला असेल तर हात लावायचं कारण नाही. फडक्याने आतून पुसून टॉर्चने पाहिलं, खळगे नाहीत.

एक सावधगिरी: नॉटिंगहॅमच्या रॅलेचा आटा इंचाला २६ असतो, इतर बहुतेक इंग्रजी सायकलींचा २४. व्यास सारखा दिसतो. २४ चा कप जबरदस्तीने पिळला तर फ्रेमच जाईल. दुकानात 'हा बसेल' असं म्हटलं तरी आधी कप बोटांनी तीन फेरे जातोय का ते बघा.

छर्रे नागदेवी स्ट्रीटवरून, सगळ्या मापांचे मिळून १६० रुपये. जुन्यात नवे मिसळू नयेत. नवा छर्रा जुन्यांपेक्षा किंचित मोठा असेल तर सगळा भार त्याच्यावरच येतो.

फ्रेमच्या आत, सीटच्या दांड्यातून, पातळ तेल फवारलं. इथे पावसाळ्यात सीटच्या नळीतून पाणी उतरतं आणि खालच्या डब्यात साचतं.

७ डिसेंबर

मागचा हब. चाक का फिरत नव्हतं ते पाहू.

उजवीकडचा बॉल रिंग (छर्रे धरणारी कडी) सोडण्याआधी त्यावर आणि हबवर एक सरळ रेघ खुणेसाठी ओढली. याचा आटा दुहेरी असतो. चुकीच्या सुरुवातीला बसला तर चाकाची आऊट (चाकाचं डुलणं) किंचित बदलते. बोथट पंच खाचेत ठेवून, हातोडीने डावीकडे ठोकलं, सुटला. आतला सगळा गड्डा एका तुकड्यात बाहेर आला.

कोणीतरी आत ग्रीस भरलं होतं. ते सुकून गुळाच्या ढेपेसारखं झालं होतं आणि कुत्रे (चाकाला पकडणारे छोटे खटके) चिकटून बसले होते. आतले स्प्रिंग केसासारखे पातळ असतात, ग्रीसला ते हलवू शकत नाहीत. या हबाला पातळ तेलच हवं, म्हणून तर त्याच्या पोटाला तेल घालायची झाकणवाली चिमुकली बोळी ठेवलेली आहे. ज्याने ती बोळी बनवली त्याने मालकाला न सांगता सांगितलंय की मला दर महिन्याला बघत जा.

रात्रभर घासलेटात. सकाळी ब्रशने. गिअरचे दात, चार छोटे पिनियन, सगळे नवेच वाटतात, १९५८ च्या पोलादाला काही झालेलं नाही. क्लचच्या चार टोकांकडे मात्र नीट बघा. टोकं गोल झाली असतील तर तिसऱ्या गिअरमध्ये घसरेल, ती धार इथे शाबूत होती. एक स्प्रिंग मोडली होती. पियानोच्या तारेपासून वळली, तीन प्रयत्नांत जमली.

जुळवताना: उजवा कोन (छर्ऱ्यांवर बसणारा शंकूसारखा नट) बोटाने घट्ट, मग अर्धा फेरा मागे आणि लॉक. बाकी जो ढिलेपणा काढायचा तो डाव्या कोनने. चाक हलवल्यावर रिमशी अगदी थोडा खेळ राहिला पाहिजे, तो अजिबात नसेल तर कोन लवकर खातात.

एक्सल फिरू नये म्हणून खास जिभेची वायसरं असतात, जीभ फ्रेमच्या खाचेत बसते. इथे त्यांच्या जागी साधी वायसरं होती. एक्सल खाचेत फिरल्याने त्याच्या चपट्या बाजू थोड्या झिजल्या आहेत. जिभेची वायसरं चोर बाजारातल्या एका जुन्या मोडक्या हबमधून मिळाली. एक्सलचा नट १३/३२ इंच, २६ आट्यांचा. देशी सायकलीचा ३/८ चा नट यावर जबरदस्तीने पिळू नका, आटे जातात.

तेल: एसएई २०, पहिल्यांदा दोन चमचे. ओघळलं तर जास्त झालं.

१४ डिसेंबर

चाकं. पुढे ३२ तारा, मागे ४०. रॉड ब्रेकला चाकाची आऊट काढताना एक गोष्ट सगळ्यांना सांगायला हवी. साध्या ब्रेकमध्ये गुटके रिमच्या बाजूला दाबतात, म्हणून डावीकडे-उजवीकडे डुलणं काढलं की झालं. रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगाला वर खेचले जातात. म्हणून चाक उडत असेल, म्हणजे वरखाली होत असेल, तर ब्रेक थांबत-थांबत धरतो आणि हँडलला थरथर होते. बाजूचं डुलणं २ मिमी राहिलं तरी चालेल, उडणं १ मिमीच्या आत हवं. चाक नेलं तेव्हा कारागिराने नेहमीच्या सवयीने फक्त बाजूची आऊट काढून दिली. त्याची चूक नाही, हल्ली त्याच्याकडे केबल ब्रेकचीच चाकं येतात. पुन्हा घरी, चाक उलटं टांगून, खडू लावून काढली. तीन तास.

मागच्या चाकातल्या तीन तारा गंजलेल्या निपलमध्ये तुटल्या. निपलवर आदल्या रात्री तेलाचा थेंब घातला असता तर कदाचित वाचल्या असत्या.

टायर २८ × १ १/२, म्हणजे ६३५ मिमीचे. २८ इंच ऐकून दुकानदार ६२२ चा टायर देऊ शकतो, तो बसत नाही. टायरवर ४०-६३५ लिहिलंय का ते वाचा. हा आकार देशी काळ्या सायकलींचाच असल्याने इथे सहज मिळतो. टायर-ट्यूब मिळून १३०० रुपये.

२१ डिसेंबर

छोटी चूक, ३५० रुपयांची. लुकासची घंटी क्रोमवाल्याकडे दिली. आली तेव्हा आरशासारखी, पण वरची कोरीव अक्षरं पुसट झालेली. वर लिहिलेला नियम घंटीला लागू होत नाही असं वाटलं होतं. आवाज मात्र तोच आहे.

२८ डिसेंबर ते ११ जानेवारी २०२५

सीट, ब्रुक्सची बी ६६. दोन मोठ्या स्प्रिंगा आणि मागची पट्टी उत्तम, चामडं गेलेलं. रिव्हेटांचं मागचं तोंड कानशीने घासून जुनं चामडं अखंड काढलं, तेच नमुना.

धारावीतून ५ मिमी चामडं आणलं, ७०० रुपये. पाण्यात भिजवून साच्यावर ओढलं, सुकलं आणि दुसऱ्या दिवशी मऊ होऊन सपाट. क्रोमने कमावलेलं होतं. ते आकार धरत नाही, चपलेला ठीक, सीटला नाही. ओळखायची खूण: कापलेली कड आतून राखाडी-निळसर दिसली तर क्रोम. बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. हे विकत घेण्याआधी एक कोपरा कापून बघावं, तेवढं मागायला संकोच नको.

दुसरं चामडं ११०० रुपये. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं, साधारण वीस मिनिटं. मग सीटच्या सांगाड्यावर नाकाकडून ओढून, सुती नाडीने घट्ट बांधून, सावलीत पाच दिवस. उन्हात ठेवलं तर वाळून तडे जातात. हात जोराने दाबला तर नखाचा ठसा कायमचा उमटतो, तसा एक आमच्या सीटवर आहे. सुकल्यावर कड खाली कापून कारागिराने तांब्याचे रिव्हेट बसवले. त्याने रिव्हेटचं तोंड पसरवायला हातोडीच्या गोल टोकाचे छोटे-छोटे ठोके गोल फिरवत दिले, एका जागी जोर नाही, म्हणून डोकी सगळी सारखी निघाली. मजुरी ९०० रुपये, रिव्हेट १८० रुपये.

वरून मधमाशीचं मेण आणि चरबी समप्रमाणात, कोमट करून. नीट्सफूटसारखं (जनावरांच्या पायांपासून काढलेलं) तेल जास्त झालं तर चामडं ढिलं पडतं. नाकाखालचा नट ताणासाठी असतो, तो पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवू नये. जुनं चामडं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय, ब्रुक्सचा ठसा त्यावरच आहे.

२५ जानेवारी

सोनेरी रेघ. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं, ८०० रुपये. त्याने आधी उरलेली मूळ रेघ भिंगातून पाहिली आणि बोट ठेवलं: रेघ लगच्या (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या सांध्याच्या) जवळ थोडी जाड होते आणि मग बारीक, आणि एका जागी जिथे ब्रश पुन्हा रंगात बुडवला तिथे दोन टोकं एकमेकांवर चढलेली. ती जागा मी आधी डाग समजत होतो. नॉटिंगहॅमला कोणीतरी तिथे हात उचलून दुसऱ्यांदा रंग घेतला होता.

सोनेरी पावडर वार्निशमध्ये, लांब केसांचा ब्रश, मनगट दांड्यावर टेकवून, करंगळी कडेला चालवत. "साहेब, रेघ मारताना श्वास धरायचा नाही, सोडत जायचा," असं म्हणाला. पहिली रेघ पुसली, दुसरी राहिली. नवी रेघ अजून उजळ आहे. पावडरीचं सोनं काळं पडतंच, म्हणून वर पारदर्शक वार्निशचा पातळ हात दिला. पावसाळ्यात हे काम करू नये, ओल्या हवेत वार्निश पांढुरकं पडतं.

१ फेब्रुवारी

जुळवाजुळव. पुढच्या चिमट्याला ५/३२ इंचाचे छर्रे, वरखाली २५-२५, ग्रीसमध्ये चिकटवून. एक छर्रा पडला तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमचा गटारात गेला, जादा आणले होते.

ब्रेकचे रॉड: आधी गुटके रिमपासून ३ मिमी, मग खालून वर एकेक सांधा. रॉड सरकणाऱ्या बोल्टचा पान्हा हलका वापरा, आटे लहान आहेत.

गिअरची केबल: दुसऱ्या गिअरवर खटका ठेवा आणि उजव्या नटच्या खिडकीतून बघा. गिअरच्या केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या मागच्या रॉडचा खांदा एक्सलच्या टोकाबरोबर आला पाहिजे. कमी-जास्त झालं तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पॅडल रिकामं जातं आणि उभं राहून जोर लावताना गुडघा हँडलवर आपटतो. कानाने तपासायचं तर पहिल्या गिअरमध्ये हब गप्प असतो, दुसऱ्या-तिसऱ्यात टिकटिक करतो. ठीक आहे.

चेनकव्हर चेपलेलं सरळ करायला लाकडाचा ठोकळा आत धरून बाहेरून रबरी हातोडी. रंग उडाला नाही, तरी एक खड्डा शिल्लक आहे. तो काढायचा तर रंगाला तडे गेले असते.

८ फेब्रुवारी

मरीन ड्राइव्ह, कुलाबा आणि परत. ब्रेक कोरड्यात चांगला लागतो. ओल्या क्रोमच्या रिमवर तो पावसात जवळजवळ लागणार नाही, त्यामुळे पावसाळ्यात ही बाहेर काढायची नाही.

एकूण खर्च १३,१२० रुपये: सायकल ६५००, छर्रे १६०, कॉटर १२०, गुटके १२०, टायर-ट्यूब १३००, तेल-अॅसिड-ग्रीस ६४०, लेथ २५०, घंटी ३५०, चामडं दोन वेळा १८००, रिव्हेट १८०, सीटची मजुरी ९००, पेंटर ८००. यातले २१०० रुपये निव्वळ चुकांचे: लेथ, घंटी, पहिलं चामडं आणि थिनरमुळे लागलेला पेंटर.

परतताना डाव्या पॅडलला खुट् आवाज येऊ लागला. नवी कॉटर बसल्यावर ३०-५० किमीनंतर पुन्हा आवळावीच लागते. पिन ठोकून नट अर्धा फेरा घेतला, आवाज गेला. मागचं मडगार्ड आधाराच्या दांडीजवळ खुळखुळतंय, वायसर लावायचं बाकी आहे.